सरदार निजले आहेत

१

मनोहरराव टिपणीसांना रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी थोडा वेळ एका मेलेल्या माणसाशेजारी बसायची सवय होती. यात दचकण्यासारखं काही नाही. माणूस प्लास्टरचा होता, आणि त्या खोलीतला एसी झकास होता.

पासिर रिसमधल्या त्यांच्या कॉन्डोचं, म्हणजे फ्लॅटच्या सोसायटीचं, नाव चॅन्ट्री कोर्ट. बिल्डरला इंग्लंडचं भारी वेड. विषुववृत्ताजवळच्या, बारा महिने घाम गाळणाऱ्या या परदेशी गावात त्याने लॉबीत विटांची शेकोटी बांधली होती, पूलच्या कडेला टेलिफोनचं लाल खोकं उभं केलं होतं, आणि फंक्शन रूममध्ये हे सरदार आणून निजवले होते. तिकडच्या कुठल्याशा खेड्यातल्या चर्चमध्ये सहाशे वर्षांपूर्वीच्या एका उमरावाचं थडगं आहे. त्यावर त्याची दगडी मूर्ती उताणी पहुडली आहे. तिच्यावरून साचा काढून हा पुतळा ओतलेला. अंगात चिलखत, कमरेला तलवार, डोक्याखाली उशीच्या जागी शिरस्त्राण, छातीवर जोडलेले हात, आणि टाचा टेकायला पायाशी एक छोटा कुत्रा. नाव पितळेच्या पट्टीवर कोरलं होतं, पण ते उच्चारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. कॉन्डोतली मराठी मंडळी त्यांना सरळ सरदार म्हणत. योगवर्गाच्या बायका त्यांच्या पोटावर मॅटची चळत ठेवत. सरदार आतून पोकळ होते, लाकडी ओट्यावर होते, आणि झुंबाच्या दिवशी बाजूला सारता यावेत म्हणून ओट्याला चाकं होती. एकूण मरणोत्तर आयुष्य बरं चाललं होतं त्यांचं.

मनोहरराव पूलभोवती फेऱ्या मारून आले की खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसत, घाम सुकवत, आणि मनातलं थोडंफार बोलत. विषय बहुतेक मधुराचा. मागे एकदा मधुराचं लग्न ठरलं होतं. पत्रिका वाटून झाल्या आणि मुलाने फोनवर नाही म्हटलं. पुढे कित्येक महिने पोरगी ताटातला भात नुसता इकडून तिकडे करायची. आपल्याला यात काहीही करता येत नाही, याचा मनोहररावांना असा संताप यायचा की ते उठून खाली सरदारांपाशी येत. निदान हा गृहस्थ उपदेश तरी करत नव्हता.

आता अनिमेष भेटला होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला जुरोंग ईस्टला नोकरी करणारा, शांत, स्वतःचा डबा स्वतः करणारा मुलगा. येत्या रविवारी याच खोलीत साखरपुडा होता. तो नीट पार पडावा, मधुराच्या वाट्याला पुन्हा ते दिवस येऊ नयेत, याहून जास्त मनोहररावांना कुणाकडे काही मागायचं नव्हतं.

२

त्यांची थोरली बहीण शैलाताई साताऱ्याहून साखरपुड्यासाठी आली होती. आल्या आल्या तिने हॉल दाखव म्हणून धोशा लावला. फंक्शन रूमच्या दारातच ती थांबली.

"मन्या, हे कोण?"

"सरदार आहेत. शोभेचे."

"मेलेले?"

"सहाशे वर्षं झाली."

शैलाताईने खिडकीतलं ऊन पाहिलं, सूर्य कुठे असेल याचा अंदाज घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पाय दक्षिणेला आहेत याचे. प्रेत ठेवतात तसे."

"ताई, प्रेतच आहे ते. म्हणजे प्रेताचा पुतळा."

"मग पोरीच्या साखरपुड्यात प्रेत मांडून ठेवणार आहेस का तू?"

इतकी वर्षं हे मनोहररावांच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आता डोक्यातून जाईना. इतक्या ऐनवेळी दुसरा हॉल मिळणं शक्य नव्हतं. ते कॉन्डोच्या मॅनेजरकडे, मिस्टर लिमकडे गेले. लिमने शांतपणे ऐकून घेतलं.

"टर्न कॅन," तो इथल्या 'ला'-वाल्या तुटक इंग्रजीत म्हणाला. "टेक आउट कॅनॉट. ओनर लव्ह हिम वेरी मच ला. आफ्टर दॅट पुट बॅक हां."

"वळव म्हणतोय ना? मग वळवा," शैलाताई म्हणाली. "डोकं दक्षिणेला करा. चांगल्या माणसासारखा झोपू दे."

मदतीला शेजारचा विक्रांत आला. विक्रांत जहाजावर चीफ इंजिनीअर. सुट्टीवर घरी आला तरी इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलायची सवय त्याला सोडवत नसे. त्याने फोनवर होकायंत्र लावलं, "अजून थोडं पोर्टला, डावीकडे, बास, बास," असा ओरडा केला, आणि दोघांनी मिळून सरदारांना अर्धवर्तुळात फिरवलं. एका हाताने ढकलावा इतका हलका होता तो ओटा. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला. विक्रांतने पायाने चाकांचा ब्रेक दाबला.

तेव्हा सरदारांच्या आतून एक आवाज आला. लांब, जाड, समाधानाचा. रात्रभर तळमळलेल्या माणसाला अखेर बरी कूस सापडावी तसा.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हवा," विक्रांत म्हणाला. "पोकळ आहे ना, अडकली असणार."

"हवाच," मनोहरराव म्हणाले.

"बघा," शैलाताई म्हणाली, "आता कसा निवांत वाटतोय." आणि ते खरं होतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहरराव नेहमीसारखे खुर्ची ओढून बसले. मधुराने साडी कुठली निवडली ते सरदारांना सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. खोलीत कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश आत, मग बराच वेळ काही नाही, मग ओठांतून फुस्स.

मनोहरराव आयटीत मॅनेजर होते. गडबड दिसली की आधी काय बंद-चालू आहे ते बघावं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यांनी एसी बंद केला. फुस्स. दिवे बंद केले. फुस्स. पाण्याच्या कूलरची पिन काढली. फुस्स, आणि शेवटी जीभ टाळूला लागल्याचा बारीकसा चट आवाज. मग त्यांनी सगळं पुन्हा चालू केलं आणि लिमला एसीवाला बोलवायला सांगितलं. एसीवाल्याने जाळ्या धुतल्या, मशीन एकदम उत्तम असल्याचं सांगितलं आणि जाता जाता विचारलं की आत कोण झोपलंय.

पण आवाजाचं सोडा. मनोहररावांना खटकले ते हात. सरदारांचे हात नमस्कारासारखे घट्ट जुळलेले असत. योगवर्गाच्या बाईंनी एकदा त्यांत उदबत्ती खोचायचा प्रयत्न केला होता, पण फटच सापडली नव्हती. आता उजवा पंजा डाव्यावरून थोडा घसरला होता. बोटं सैल पडली होती. पुतळा फिरवताना धक्का लागला असेल, असं मनोहररावांनी स्वतःला समजावलं. पण धक्का लागला तर प्लास्टर तडकतं, हे त्यांनाही माहीत होतं. तडा कुठेच नव्हता.

घरी येऊन त्यांनी बायकोला, चित्राबाईंना, सांगितलं.

"अहो, टेन्शन आलंय तुम्हाला," चित्राबाई फराळाच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत म्हणाल्या. "मागच्या वेळी नाही का, फ्रिज रडतोय म्हणायचात."

"फ्रिज खरंच रडत होता."

"आणि मी रात्री उठून त्याला गप्प करत होते. जेवून घ्या."

मनोहरराव जेवायला बसले.

४

शुक्रवारी संध्याकाळी ते ऑफिसमधून आले तेव्हा गेटवरच्या वॉचमनने त्यांना अडवलं. वॉचमन भला माणूस होता, पण नियमाला पक्का.

"सर, फंक्शन रूम डॉग कॅनॉट हां."

"विच डॉग?"

"इनसाइड गॉट डॉग. स्क्रॅच स्क्रॅच. आय ओपन डोअर, नो डॉग. आय क्लोज डोअर, डॉग. यू सेलिब्रेशन, यू टेल युवर पीपल ला."

मनोहरराव तडक फंक्शन रूममध्ये गेले. सरदारांच्या पायाशी कुत्रा होता तिथेच होता. कॉन्डोतल्या मुलांनी नाक चोळून चोळून गुळगुळीत केलेला, मान ताठ करून धन्याकडे बघणारा कुत्रा. फरक एवढाच की आता तो धन्याकडे बघत नव्हता. अंगाचं मुटकुळं करून, नाक शेपटीत खुपसून पडला होता.

"झोपलाय होय," असं मनोहरराव मोठ्याने म्हणाले आणि त्यांना हायसं वाटलं. हायसं कशाचं वाटलं हे लक्षात आलं, तेव्हा ते खुर्ची ओढून बसले.

सरदार मेलेले होते. सहाशे वर्षं, बिनबोभाट. आपणच त्यांना फिरवून जिवंत माणसासारखं झोपवलं. मेलेल्याचं एक बरं असतं, तो उठत नाही. पण झोपलेला माणूस कधी ना कधी उठतोच. उठून हा काय करेल, हे मनोहररावांना सांगता आलं नसतं. पाणी मागेल, की कमरेची तलवार चाचपेल, की नुसता मान वळवून बघेल. तिन्हींमधलं काहीही रविवारी व्हायला नको होतं. आणि हे बोलायचं कुणाशी? अनिमेषच्या घरच्यांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी मुलीच्या बापाला आधी डॉक्टरकडे नेलं असतं आणि मग सोयरिकीचा पुन्हा विचार केला असता.

उद्या दुपारी खाली यायचं आणि कुणाला न सांगता पाय दक्षिणेला करून टाकायचे, असं त्यांनी ठरवलं.

५

शनिवारी दुपारी ते खाली आले, तर सरदारांच्या अंगावर सोलापुरी चादर होती. लाल-हिरवी, गळ्यापर्यंत नीट ओढलेली, कडा दोन्हीकडून अंगाखाली खोचलेल्या. हे काम कुणाचं ते विचारायची गरज नव्हती.

मनोहररावांनी ब्रेक काढला, दोन्ही हात ओट्याला लावले आणि ढकललं. ओटा हलला नाही. त्यांनी खांदा लावला. मग पाठ लावून, पाय भिंतीला रेटून पाहिलं. त्या दिवशी एका हाताने फिरलेला ओटा आता जागचा हलेना. आत कुणी चिलखतासकट अंग टाकून दिल्यावर होईल तेवढं ओझं झालं होतं त्याचं.

ते धापा टाकत उभे राहिले, आणि मग त्यांनी स्वतःचा श्वास रोखला. खोलीतला दुसरा श्वास चालूच होता. चादरीवरचा मोर छातीपाशी वर यायचा, थांबायचा, खाली जायचा.

"काय चाललंय?" दारातून शैलाताई आत आली. तिच्या हातात झेंडूची पिशवी होती. "निजलेल्याला असं हलवतात का?"

"ताई, तू चादर कशाला घातलीस?"

"इतका गारठा आहे इथे. डोक्यावरून नाही घेतली हो, तसं प्रेताला घेतात."

"ताई, नीट बघ. चादर हलतेय."

शैलाताईने पाहिलं. मोर वर आला, थांबला, खाली गेला. मग तिने वर एसीच्या जाळीकडे पाहिलं.

"एसी आहे," ती म्हणाली.

पण हे तिने अगदी हळू म्हटलं. शैलाताई आयुष्यात कधी हळू बोलल्याचं मनोहररावांना आठवत नव्हतं. ती चवड्यांवर चालत पुढे गेली, फुलांची पिशवी आवाज न करता खाली ठेवली, आणि तशीच बाहेर गेली.

६

रविवारचा तो साखरपुडा चॅन्ट्री कोर्टातली मराठी मंडळी अजून विसरलेली नाहीत. मराठी माणसं एका खोलीत कोंडून त्यांना हळू बोलायला लावणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

सरदारांच्या डोक्याकडच्या बाजूला मनोहररावांनी फुलांचा पडदा उभा केला होता. त्यामुळे लोकांना दिसत होते ते फक्त पाय, चादरीखाली उंच झालेले. मनोहरराव दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून दाखवत होते. त्यांनी माइक काढून टाकला होता. स्टीलची भांडी बदलून कागदी आणली होती. सनईचा स्पीकर त्यांनी विक्रांतच्या हातून काढून स्वतःच्या बॅगेत घातला होता, आणि विक्रांतला "कृपा करून फक्त खुणेने बोल" असं सांगितलं होतं. विक्रांत बिचारा हातवारे करत लोकांना बसवत होता.

पाहुण्यांनी चादरीकडे पाहिलं आणि आपापला अर्थ लावला.

"आजोबा का?" एका काकूंनी कुजबुजत विचारलं.

"हो," मनोहरराव म्हणाले. "लांबचे."

"बरं नाही वाटतं त्यांना?"

"झोप लागलीय जरा."

काकूंनी हळहळून मान हलवली आणि पुढच्या खुर्चीत बातमी दिली. थोड्याच वेळात अर्ध्या हॉलने घसे खाली केले. उरलेल्या अर्ध्यांना वाटलं, काहीतरी वाईट झालंय आणि आपल्यालाच ते सांगितलेलं नाही.

अनिमेषच्या आईंचं, मधुवंतीबाईंचं, नाशिकला मोठं घर, माणसांचा राबता, आणि कार्य म्हटलं की दणक्यात करायची रीत. त्या ओटीचं सामान घेऊन आत आल्या, तर समोर ही शांतता. त्यांनी "काय हो, सगळे गप्प का?" असं विचारलं, तर वराच्या आईला मनोहररावांनी चक्क शूः केलं.

मधुवंतीबाई खुर्चीत बसल्या. ओटीचं ताट त्यांनी मांडीवरच ठेवलं, खाली ठेवलं नाही. मग शेजारी बसलेल्या नवऱ्याला, पद्माकररावांना, त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "यांना ही सोयरीक लपवायची आहे का? आपण साखरपुड्याला आलोय, शोकसभेला नाही." पद्माकररावांनी घड्याळात पाहिलं. अनिमेष मान खाली घालून बसला. चित्राबाईंनी लांबूनच मनोहररावांकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जागीच विरघळला असता.

मधुरा उठली. साडीच्या निऱ्या हातात धरून ती वडिलांपाशी आली आणि त्यांना फुलांच्या पडद्याआड ओढून घेऊन गेली.

"बाबा, व्हाय यू शशिंग एव्हरीबडी? अनिमेषची आई खूप अपसेट आहे."

"पाच मिनिटांचं काम आहे, राणी. अंगठी घाला, पुडा द्या, की मी सगळ्यांना वर घरी नेतो. तिथे हवा तेवढा दंगा करा."

"बट व्हाय?"

मनोहररावांनी चादरीकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. तिला काय दिसलं ते त्यांना कळलं नाही.

"मागच्या वेळी तुम्ही सगळे घरात असेच बोलायचात," मधुरा म्हणाली. "हळू हळू. मी खोलीत असले की अजूनच हळू. मला वाटायचं, कोणीतरी मेलंय आणि ते मीच आहे." तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही. "आज नको ना, बाबा. प्लीज ला."

आपण चार दिवस कुणाची झोप सांभाळत होतो आणि कुणासमोर, हे मनोहररावांना तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि स्वतःची लाज वाटली. त्यांनी बॅगेतून स्पीकर काढला, पडद्याबाहेर येऊन विक्रांतच्या हातात दिला आणि म्हणाले, "लाव. मोठ्याने लाव."

"किती मोठ्याने?" विक्रांतने खुणेने विचारलं.

"तुझ्या जहाजावर ऐकू जाईल इतकं."

७

सनई सुरू झाली तसा हॉलचा बांध फुटला. इतका वेळ दाबून धरलेली बोलणी सगळ्यांच्या तोंडून एकदम बाहेर पडली. मधुवंतीबाईंनी ताट खाली ठेवलं, मधुराला कुंकू लावलं, ओटी भरली, साखरेचा पुडा हातात दिला आणि तिच्या गालावरून हात फिरवला. अंगठ्या घालून झाल्या. विक्रांतने टाळ्यांच्या वर आवाज काढून "नाव घ्या" अशी आरोळी दिली आणि सगळ्या हॉलने ती उचलली.

मनोहरराव हे सगळं पडद्याच्या फुलांतून बघत होते. ते सरदारांच्या उशाशी येऊन उभे राहिले होते, कारण दुसरं कुठे उभं राहावं हे त्यांना सुचत नव्हतं.

मधुराने नाव घ्यायला सुरुवात केली. शैलाताईने चार दिवस घोकून घेतलं होतं, तरी ती अर्ध्यावर अडखळली, अनिमेषने काहीतरी चुकीचंच पुढे सुचवलं, आणि ती हसली. तोंडावर हात न घेता, मान मागे टाकून, खदखदून. ते हसू मनोहररावांनी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

आणि त्याच वेळी त्यांच्या लक्षात आलं, की पाठीमागचा श्वास थांबलाय.

ते वळले. चादरीवरचा मोर वर येऊन तसाच राहिला होता. डोळे उघडायच्या आधी माणूस क्षणभर थांबतो, तसा. सरदारांच्या पापण्या प्लास्टरच्या होत्या, पांढऱ्या, धुळीच्या. त्यांच्या कडेला एक बारीक ओली रेघ होती. पायाकडे चादरीच्या टोकाखाली काहीतरी उठून बसलं.

मनोहररावांनी विचार केला नाही. विचार केला असता तर पळाले असते. ते ओट्याच्या कडेवर टेकले, चादरीवरून त्या रुंद, टणक छातीवर तळवा ठेवला आणि थोपटायला लागले.

"काही नाही, काही नाही," ते पुटपुटले. "पोरगी हसतेय माझी. झोपा तुम्ही. झोपा, सरदार."

एक थोपटी, दुसरी, तिसरी. बाहेर टाळ्या चालूच होत्या. मग मोर हळूहळू खाली गेला. फुस्स. पायाशी उठून बसलेलं तेही गोल फिरून पुन्हा आडवं झालं.

मनोहररावांनी सुटकेचा श्वास सोडला आणि हात काढून घ्यायला गेले. तेव्हा चादरीखालून काहीतरी सरकत आलं आणि त्यांच्या मनगटाभोवती बसलं. घट्ट नाही. ताप आलेलं मूल आपण उठून जाऊ नये म्हणून धरतं, तेवढंच. चादरीतूनही कळत होतं, की ती बोटं कोमट आहेत.

"मुलीचे वडील कुठायत?" विक्रांतचा आवाज आला. "फोटो राहिलाय. टिपणीससाहेब, या की."

"बाबा," मधुरा हाक मारत होती. तिच्या आवाजात अजून हसू होतं. "बाबा, कम ला."

फुलांच्या फटीतून ती दिसत होती. एका बाजूला अनिमेष, दुसऱ्या बाजूला मधुवंतीबाई, त्यांचा हात तिच्या खांद्यावर. मध्ये बापासाठी जागा मोकळी ठेवली होती.

"फोटो घ्या तुम्ही," मनोहरराव पडद्याआडून, जमेल तितक्या हळू म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने थोपटत राहिले.